टोरंटो अकरा इंच

काली पुतली चौकातल्या महेंद्रच्या दुकानात झेरॉक्स, पासपोर्टचे फोटो आणि रेल्वे-विमानाची तिकिटं ही सगळी कामं एकाच टेबलावर होत, आणि त्या टेबलापुढच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून त्र्यंबकराव आपल्या आयुष्यातलं पहिलं विमानाचं तिकीट चष्मा कपाळावर चढवून वाचत होते. मुलगी श्रुतिका तीन वर्षांपासून टोरंटोला नोकरीत होती, आणि एप्रिलमध्ये बर्फ वितळलं की दोघांनी यायचंच, असा तिचा हट्ट होता. त्र्यंबकराव शिक्षण खात्यातून बडे बाबू, मुख्य कारकून, म्हणून निवृत्त झालेले. उभ्या नोकरीत त्यांनी लोकांची प्रवासभत्त्याची बिलं तपासली, म्हणजे पोचण्याच्या वेळेतून निघण्याची वेळ वजा करायची आणि शंका आली की लाल शाईनं गोल काढायचा. "दिल्लीहून पहाटे तीनले निघनार, सकाळी आठ दहाले टोरंटो," ते म्हणाले. "म्हंजे पाच तास दहा मिनिटं. पोरगी उगाच घाबरवून राह्यली होती." महेंद्र हसला. "काकाजी, वहाँ की घड़ी अलग चलती है. चौदह घंटे चालीस मिनट लगेंगे." म्हाताऱ्याची खात्री पटावी म्हणून त्यानं संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर जगाचा सपाट नकाशा होता, खाली ११,६४० किलोमीटर असा आकडा होता, आणि दिल्लीपासून निघालेली एक निळी रेघ पश्चिमेला न जाता सरळ वर चढली होती, रशियावरून, उत्तरेच्या समुद्रावरून, ग्रीनलँडच्या पांढऱ्या डोक्यावरून, आणि मग कमान उतरावी तशी टोरंटोत उतरली होती. "हे लाइन अशी वाकडी काहून काढली?" त्र्यंबकरावांनी विचारलं. "सीधी नाही जात का?" महेंद्रचं लक्ष तोवर दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेलं होतं. झेरॉक्सचं झाकण उचलता उचलता तो म्हणाला, "यही सीधी है काकाजी. सबसे छोटा रास्ता. धरती गोल है ना."

एवढंच झालं. पण मागे उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोच्या, साधनाबाईंच्या, उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत एकदम ताण आला, दोरा ओढून धरल्यावर येतो तसा, आणि तो ताण कोपरापर्यंत चढला. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. पाहायची गरजही नव्हती, कारण त्र्यंबकरावांनी कपाळावरचा चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसायला घेतला होता, आणि इतक्या वर्षांच्या संसारात साधनाबाईंना माहीत झालं होतं की हा माणूस काचा स्वच्छ असतानाच चष्मा पुसतो. तिकिटाची प्रत घडी करून त्यांनी पिशवीत ठेवली. बाहेर जानेवारीचं कोवळं ऊन होतं, ऑटोवाले गोंदिया गोंदिया म्हणून ओरडत होते, आणि साधनाबाईंना आपण मोठ्यानं हसू की काय अशी भीती वाटली. अकरा हजार सहाशे चाळीस. त्यांचा स्वतःचा जुना आकडा अकरा हजार सहाशे साठ होता. वीस किलोमीटरचा फरक. गोंदियाच्या रस्त्यानं निघालं तर तेवढ्यात राज्याच्या सीमेवरचं राजेगावसुद्धा येत नाही.

ऑटोत दोघं शेजारी बसले. साधनाबाई मुलींच्या सरकारी हिंदी शाळेत शिवण शिकवायच्या. काजं, बटणं, टीप, तुरपाई. त्र्याण्णव साली भूगोलाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या तेव्हा मुख्याध्यापिकेनं सातवीचा भूगोल यांच्या गळ्यात घातला, शिवणाच्या बाई काय, रिकाम्याच असतात असं म्हणून. त्या स्वतःही तेव्हा सहाव्या महिन्यात होत्या, पण शिवणाच्या बाईंना रजा लवकर कोण देणार. पुस्तक वाचून दाखवायचं आणि पुढं जायचं, इतकंच अपेक्षित होतं. पण त्यांना कपाटावर एक पृथ्वीगोल सापडला, बारा इंचांचा, दक्षिण ध्रुवाशी पोचा आलेला, आणि गोल वस्तू हातात आली की माप घ्यायची सवय हातालाच होती. अंजू नावाची एक मुलगी होती, पुढच्या बाकावरची, नाक सतत वाहणारी. तिचा मामा टोरंटोला गेला होता. तिनं विचारलं, मॅडम, टोरंटो कितना दूर है? पुस्तकात नव्हतं. साधनाबाईंनी शिवणाच्या डब्यातून लाल दोरा काढला, एक टोक दिल्लीवर दाबलं, दुसरं टोरंटोवर नेलं आणि ओढला. दोरा ढिला होता तोवर तो इराणवर, स्पेनवर, अटलांटिकवर लोळत होता. ओढत गेल्या तसा तो आपला आपणच वर सरकत गेला, रशियावर, बर्फावर, आणि तिथं घट्ट बसला. त्या दोन क्षण पाहतच राहिल्या. मग त्यांना आपल्या पोटाची आठवण झाली. आदल्याच आठवड्यात त्यांनी ब्लाउज उसवून मोठे करायला स्वतःचं माप घेतलं होतं, आणि पोटावरून टेप अशीच सरकली होती, कपडा टेबलावर पसरून जी वाट सरळ दिसते ती अंगावर लांबची निघते, हे कुठलीही शिवणारी बाई सांगेल. दोन्ही टोकांना त्यांनी गाठी मारल्या. टेपवर दोरा अकरा इंच भरला. गोलाचा घेर पावणेअडतीस इंच भरला होता आणि पुस्तकात पृथ्वीचा घेर चाळीस हजार किलोमीटर दिला होता, म्हणजे इंचाला हजार साठ किलोमीटर. चाळीस मुलींनी वहीत लिहिलं, टोरंटो अकरा इंच, ११,६६० कि.मी. त्या दिवशी घरी जाताना साधनाबाईंना पोटातलं मूल आणि आपण दोघांनी मिळून काहीतरी शोधून काढलंय असं वाटत होतं.

निरीक्षक आला तो पंधरा ऑगस्टनंतर दोन दिवसांनी. हाताशी फूटपट्टी बाळगणारा गृहस्थ होता तो. त्यानं अंजूची वही उघडली, आकडा पाहिला, विचारलं, आणि अंजूनं अभिमानानं दोऱ्याची गोष्ट सांगितली. त्यानं ती ऐकून घेतली, भिंतीवरच्या नकाशावर फूटपट्टी ठेवली, दिल्लीपासून टोरंटोपर्यंत आडवी, कोपऱ्यातलं प्रमाण वाचलं आणि म्हणाला, साढ़े सत्रह हज़ार. मग वर्गाकडे वळून म्हणाला, "हवाई जहाज़ बर्फ़ देखने जाएगा क्या?" मुली हसल्या. मुलींचा दोष नव्हता, निरीक्षक विनोद करतो तेव्हा हसायचं असतं. साधनाबाई म्हणाल्या, सर, नकाशा सपाट आहे, पृथ्वी नाही. त्यांचा आवाज बारीक निघाला. तो म्हणाला, "आप सिलाई पढ़ाती हैं ना? सिलाई पढ़ाइए." आणि मुलींना म्हणाला, काट दो सब. चाळीस पेनांनी एकदम रेघ मारण्याचा आवाज साधनाबाईंनी त्यापूर्वी कधी ऐकला नव्हता. कापड टराटरा फाटलं असतं तर त्यांना इतकं लागलं नसतं. कापड पुन्हा जोडता येतं, ते त्यांना येत होतं.

आता यात त्र्यंबकराव कुठं आले, तर ते त्याच निरीक्षकाच्या कचेरीत खालच्या टेबलावर होते. संध्याकाळी ते घरी आले तेव्हा कागद लिहूनच आणला होता. त्यांचं अक्षर सुंदर, ओळी सरळ, समास एक इंच सोडलेला. "मेरे द्वारा कक्षा में त्रुटिपूर्ण जानकारी दी गई, जिसका मुझे खेद है." त्यांनी कागद स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला, तिथं पीठ सांडलं होतं म्हणून आधी फुंकर मारली. "सही करून दे. साहेब तिथंच मिटवतो म्हनाला." त्या म्हणाल्या, "पन मी बरोबर होती." ते म्हणाले, "बरोबर असशील. पन कोनाले पडलं आहे टोरंटो किती दूर आहे त्याचं?" आणि थोडं थांबून, "तुयी नोकरी कच्ची आहे, माह्यी त्याच्या हाताखाली आहे. पोर येऊन राह्यलं आहे आपल्याले." यात खोटं काहीच नव्हतं. साधनाबाईंनी कणकेचे हात पुसले आणि सही केली, आणि तर्जनीचा ठसा कागदाच्या कोपऱ्यावर पांढरा उमटला. त्र्यंबकरावांनी तो हलकेच झटकला. भूगोल दुसऱ्याच दिवशी काढून घेतला गेला. नोव्हेंबरात श्रुतिका झाली. नोकरी पक्की झाली, पुढं निवृत्तीपर्यंत झाली, आणि शाळेत त्यांचं नाव सिलाईवाली मैडम हेच राहिलं.

रागानं घर सोडावं असं यात काही नव्हतं, आणि साधनाबाईंनी सोडलंही नाही. संसार चांगला झाला. हा माणूस त्यांच्या तापात रात्रभर पट्ट्या बदलत बसलेला होता, श्रुतिकाला सायकल शिकवताना गुडघे फोडून घेतलेला होता. पण कधी जेवता जेवता त्यांनी मिठाचा अंदाज सांगितला, की पाऊस येईल म्हटलं, की अमुक माणूस विश्वासाचा नाही म्हटलं, की त्र्यंबकराव म्हणत, "असं का?" आणि त्या असं का मध्ये चाळीस पेनांची रेघ साधनाबाईंना ऐकू येई. त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. श्रुतिकाचा फोन आला होता, आई, टोरंटोला नोकरी मिळाली, तेव्हा त्या मशीनवर बसल्या होत्या आणि त्यांचा पाय पायडलवरच थांबला. पोटात असताना जिनं दोऱ्याची ओढ अनुभवली होती तीच पोर आता दुसऱ्या गाठीपाशी जाऊन राहणार होती. त्र्यंबकरावांकडे त्यांनी तेव्हा पाहिलं होतं. ते म्हणाले होते, "लई दूर आहे." बस, तेवढंच. आणि आज त्या ऑटोत बसून साधनाबाईंना स्वच्छ कळलं की त्यांना काय हवंय. त्यांना या माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं की तू बरोबर होतीस. विमानात चढायच्या आधी. नाहीतर चौदा तास चाळीस मिनिटं त्याच निळ्या रेघेवरून शेजारी बसून जायचं, समोरच्या छोट्या पडद्यावर ती रेघ सरकताना पाहायची, आणि यानं चष्मा पुसायचा. ते त्यांच्यानं झालं नसतं. तिकीट रद्द करावं लागलं तरी चालेल, त्या मनाशी म्हणाल्या, आणि आपल्याच मनाच्या या धिटाईनं दचकल्या.

घरी आल्यावर त्र्यंबकराव जेवले, आणि रोजच्यासारखं आडवं न होता माळ्याची शिडी लावून वर चढले. अडुसष्टाव्या वर्षी शिडीवर चढू नये असं त्यांना सांगायचं साधनाबाईंच्या तोंडावर आलं, पण ते वर पोचेपर्यंत त्यांनी नुसती शिडी धरली. वरून गठ्ठे सरकल्याचे आवाज येत होते. हा माणूस प्रत्येक कागदाची प्रतिलिपी ठेवणारा, विजेच्या बिलापासून पत्रिकेपर्यंत. धूळ खाली स्वयंपाकघरात येत होती. साधनाबाईंनी तोवर शिवणाचा डबा उघडला. बॉबिनांच्या खाली, हुकांच्या पुडीखाली, कागदाच्या घडीत तो लाल दोरा होता, आता विटकरी झालेला, दोन गाठींचा. त्यांनी तो टेपवर धरला. अकरा इंच. इतकी वर्षं तो आखडला नव्हता की वाढला नव्हता, आणि या एका गोष्टीनं त्यांना इतका आनंद झाला की डोळे भरून आले. बाहेर शेजारणीनं हाक मारली तेव्हा त्यांनी ओ दिली, पण उठल्या नाहीत.

उन्हं कलली तेव्हा त्र्यंबकराव टेबलापाशी बसले होते. त्यांच्या केसांत कोळ्याची जाळी अडकली होती. पुढ्यात पिवळा पडलेला कागद होता, आणि शेजारी नवा कोरा, त्याचा एक इंचाचा समास आखलेला. ते लिहीत होते. साधनाबाई चहा घेऊन गेल्या तसे ते खाली पाहतच म्हणाले, "तारीख सतरा आगस्टच होती. मले वाटलं अठरा होती." मग त्यांनी कागद फिरवून त्यांच्याकडे सरकवला. वर शाळेचं नाव होतं. "विषय: क्षमा-पत्र निरस्त करने बाबत. संदर्भ: पत्र दिनांक १७ अगस्त १९९३." आणि खाली, त्याच सुंदर अक्षरात: "उक्त पत्र एतद् द्वारा निरस्त किया जाता है. कक्षा में दी गई जानकारी सही थी. क्षमा-याचना त्रुटिपूर्ण थी." साधनाबाईंनी ते दोनदा वाचलं. माफीचं पत्र रद्द करतो, असं ते होतं. खालच्या कोपऱ्यात त्यांच्या सहीसाठी जागा सोडली होती, नाव लिहून कंस घातलेला. त्र्यंबकरावांनी पेन पुढे केलं.

त्यांनी ते घेतलं नाही. "सही माह्यी काहून?" त्यांनी विचारलं. "पत्र तुयंच होतं ना," त्र्यंबकराव म्हणाले. "लिवलं कोनं होतं?" त्र्यंबकरावांनी पेन खाली ठेवलं. त्यांचा हात चष्म्याकडे गेला, अर्ध्यावर थांबला आणि खाली आला. "मी लिवलं होतं," ते म्हणाले. "साहेबानं तर नुसतं समज द्या म्हटलं होतं, अवं. माफी त्यानं मागितलीच नव्हती. मीच म्हटलं, लेखी देऊन टाकू, म्हंजे विषय संपते." साधनाबाई उभ्याच होत्या. हे त्यांना माहीत नव्हतं. एकतीस वर्षं त्यांनी जे निरीक्षकाच्या नावावर टाकलं होतं ते या टेबलावर, या समासात, यांच्या हुशारीनं तयार झालं होतं. क्षणभर त्यांच्या हातातला चहाचा कप जड झाला. मग त्यांच्या लक्षात आलं की हे सांगायला कोणी भाग पाडलं नव्हतं. साहेब मरून दहा वर्षं झाली होती आणि ही गोष्ट त्या साहेबाबरोबर सहज गेली असती. "मग तुमीच करा सही," त्या म्हणाल्या, आणि आपला आवाज किती मोठा निघाला ते त्यांनाच ऐकू आलं. त्र्यंबकरावांनी त्यांचं नाव खोडलं, आडवी एक रेघ मारून, बाबू लोक मारतात तशी, आणि खाली लिहिलं, त्र्यंबक, सेवानिवृत्त मुख्य लिपिक, मूळ पत्राचा मसुदाकार. मग सही केली. "उद्या जाऊन देऊ," ते म्हणाले. "पोच घ्या लागते."

शाळेत दुसऱ्या दिवशी नव्या मुख्याध्यापिका होत्या, मयुरी नावाच्या, परसवाड्याकडच्या, चाळिशीच्या आतल्या. त्यांनी कागद वाचला, उलटा करून पाहिला, पुन्हा वाचला. त्यांना काही माहीत नव्हतं. शिपायाला नव्हतं, शेजारी बसलेल्या दोन शिक्षिकांना नव्हतं. अंजू कुठं असेल कोण जाणे. ज्या गोष्टीनं साधनाबाईंची इतकी वर्षं खाल्ली ती या इमारतीत कोणाच्याच गावी नव्हती. "ये किस बारे में है, सर?" मुख्याध्यापिकेनं विचारलं. आणि तेव्हा त्र्यंबकराव खुर्चीतून उठून उभे राहिले, कचेरीत साहेबापुढं उभे राहत तसे, पण मान ताठ ठेवून. "मैडम ने इसी स्कूल में भूगोल पढ़ाया था," ते म्हणाले. "सही पढ़ाया था. मैंने इनसे माफ़ी लिखवाई. ग़लती मेरी थी." दोन्ही शिक्षिकांनी वह्या तपासायचं थांबवलं. साधनाबाईंना वाटलं, आपल्या आतली कुठली तरी जुनी शिवण कोणीतरी अलगद उसवली आणि अंग मोकळं झालं.

पोचेचा शिक्का बसला. तो त्र्यंबकरावांनी उजेडात धरून तपासला, तारीख उमटली की नाही ते. "वो ग्लोब है क्या अभी?" साधनाबाईंनी विचारलं. सरकारी शाळेत काही टाकून देत नाहीत, कारण टाकायला जेवढे कागद लागतात तेवढे कोणी करत नाही, आणि म्हणून तो कपाटावरच होता. शिपायानं तो फडक्यानं पुसला. दक्षिण ध्रुवाचा पोचा तसाच होता. मुख्याध्यापिकेला आता मजा वाटू लागली होती. सातवीचा वर्ग शेजारीच होता, त्या वर्गाच्या बाई रजेवर होत्या, तर मुख्याध्यापिका म्हणाल्या, चला मैडम, बच्चों को दिखाइए. चाळीसेक मुली उभ्या राहिल्या, बसल्या. साधनाबाईंनी गोल टेबलावर ठेवला आणि कागदाची घडी उलगडून दोरा काढला. एक टोक दाबून धरायला कोणीतरी लागणार होतं. पुढच्या बाकावरची मुलगी उठू लागली, पण त्यांनी तिला हातानं बसवलं आणि दाराशी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. "अजी, इकडं या. दिल्लीवर बोट ठेवा."

त्र्यंबकराव आले, वाकले, दिल्ली शोधली आणि पहिल्या गाठीवर तर्जनी दाबून धरली. साधनाबाईंनी दुसरी गाठ टोरंटोकडे नेली. दोरा आधी स्पेनवर लोळला, मुली पुढं झुकल्या, आणि मग त्यांनी तो ओढला, आणि तो वर सरकत सरकत बर्फावरून जाऊन घट्ट बसला, दुसरी गाठ बरोबर टोरंटोच्या ठिपक्यावर. "मैडम, ये टेढ़ा क्यों जाता है?" मागून कोणीतरी विचारलं. उत्तर साधनाबाईंच्या ओठांवर होतं, पण बोट न उचलता, गोलावर वाकलेल्या अवस्थेत, त्र्यंबकरावच बोलले. "टेढ़ा नहीं है, बेटा. मैडम का नाप है."